मामांची बरबटी

आमचे मामसासरे रविवारी चुलीपाशी बसले की अर्ध्या बुलढाण्याला शिंका येतात. ज्याला येत नाहीत तो माणूस खुशाल बाहेरगावचा समजावा. कोर्टात आयुष्यभर कारकुनी केलेला हा गृहस्थ निवृत्त झाल्यावर, इतर लोक देवाधर्माला लागतात तसा बरबटीला लागला. पुण्याकडचे लोक तिला चवळी म्हणतात. हा शब्द मामांसमोर काढायचा नाही. "चवळी म्हने! आजाऱ्याचं खानं वाटते ते," असं म्हणून ते तोंड फिरवतात. शनिवारी चष्मा लावून बरबटीचा एकेक दाणा ते असा तपासतात, की त्या दाण्यावर खटला चालू आहे असं वाटावं. खोबरं निखाऱ्यावरच भाजायचं, मसाला पाट्यावरच वाटायचा. मिक्सरला घरात बंदी, कारण "मसाला घाबरते त्याच्यात." आणि घरात माणसं दोन असताना गंज, म्हणजे पातेलं, मात्र लग्नघरातला! रश्श्यावर लाल तर्री चढली, की घरात बाळ जन्मल्यासारखे ते अंगणात धावतात आणि शेजारीपाजारी डबे घेऊन हजर होतात.

गेल्या वर्षी मामींना ताप आला. ताप उतरला, पण जाताना नाकातला वास आणि जिभेवरची चव घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. मामांचा 'हळूहळू'वर विश्वास नव्हता, मिरचीवर होता. दर रविवारी गंजात दोन मिरच्या वाढू लागल्या. शेजाऱ्यांचे डबे एकेक करून गळाले. नेहमीचे एक हेडमास्तर तर रविवार आला की गावाला जाऊ लागले. मामी मात्र तो जाळ शांतपणे भाकरीशी खायच्या, आणि मामा निकालाची वाट पाहावी तसे त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचे.

"लागते का काही?"

"नाही हो. मले आता भुसा देल्ला तरी सारखाच."

अशाच एका रविवारी मी आणि बायको चिखलीहून गेलो होतो. तेलात लसूण टाकून मामा मला तेल किती तापवावं यावर व्याख्यान देत होते. ते इतके रंगले, की हातातला सराटा कढईत न फिरता हवेत फिरत होता. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या मामी ओरडल्या, "आहो, लसन जळून राह्यला तुमचा!"

मामा दचकून कढईकडे वळले. आणि तिथेच थांबले.

"अवं... तुले वास आला?"

मामी हातात टॉवेल घेऊन दारात आल्या. त्यांनाही तेव्हाच कळलं. "हाव नं! वास येऊन राह्यला मले!"

मग काय विचारता! लसणाचा कोळसा झाला, घरभर धूर झाला, माझी बायको "मामा, कढई उतरवा!" म्हणून खोकत ओरडते आहे, आणि मामा म्हणतात, "जळू दे! आज सारं जळू दे!" हिंगाची डबी, अंगाचा साबण, कापूर, शेवटी माझा शर्टसुद्धा त्यांनी मामींच्या नाकाशी धरला. कशाचाच वास आला नाही. पुन्हा लसूण धरला, तो मात्र आला. मामांनी टाळी वाजवली आणि नवी फोडणी टाकली.

त्या दिवशी जेवताना मामी म्हणाल्या, "तिखट नाही समजत अजून. पन लसन समजला." मामा घास तसाच ठेवून उठले आणि मोरीवर बराच वेळ तोंड धूत राहिले. परत आल्यावर डोळे लाल होते. "मिरची जास्तच झाली बुवा आज," एवढंच म्हणाले.

संध्याकाळच्या एस.टी.साठी आम्ही निघालो, तेव्हा मामी पायरीवर कोथिंबीर, म्हणजे आमचा सांबार, निवडत बसल्या होत्या. एक काडी चुरगळून त्यांनी नाकाशी धरली, डोळे मिटले, आणि थोड्या वेळाने मान हलवली.

"हा नाही आला अजून."

मामा त्यांच्याशेजारी पायरीवर टेकले. त्यांच्या हातातली काडी घेऊन त्यांनी स्वतः हुंगली आणि दुसरी निवडून त्यांना दिली.

"येईन तोही," ते हळूच म्हणाले. "दम धर."