आईच्या मूगवड्या आणि माझी वादळं

बालाघाटहून कुठल्याही दिशेने निघा, समुद्र लांबच. माझं काम मात्र किनाऱ्यावरच्या वादळांचं. खऱ्या वादळांच्या नोंदी थोड्या असतात, म्हणून माझा घरचा कॉम्प्युटर हजारो खोटी वादळं तयार करून किनाऱ्यावर सोडतो. कोणत्या गावाला किती वेळा तडाखा बसला, त्यावरून धोक्याचा अंदाज निघतो. हे मी आईला चारदा समजावलं. तिने त्यातून एकच गोष्ट घेतली: वादळं चालू असली की त्या डब्याच्या मागून गरम वारा येतो.

त्या आठवड्यात आभाळ हटायला तयार नव्हतं. एका सकाळी पाहतो तर कॉम्प्युटरच्या मागे, बरोबर पंख्यासमोर, ओल्या मूगवड्यांची परात. मी खवळलोच.

"आई, हे ऑफिसचं काम हाय!"

"हौ, मंग कर ना. मी काय तुले अडवून राह्यली?"

दुपारी काम संपलं आणि पंखा गप्प झाला. आई लगेच दारात.

"वादळं काहून बंद केली? खालच्या बाजूनं ओल्याच हायेत."

मी रागारागाने पुन्हा तेवढीच वादळं सोडली. तिने शांतपणे वड्या उलटवल्या.

सोमवारी मीटिंगमध्ये साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. वादळं दुप्पट झाल्यामुळे आमचा अंदाज डळमळायचा थांबला होता.

"पण दुप्पटच का? कशावरून ठरवलं?"

थाप सुचेना. खरं तेच सांगितलं.

"सर, दोन्ही बाजू वाळायला तेवढी लागतात."

साहेबांनी मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं.