पाटीच्या मागची कोरी बाजू

ती पाटी अजून माझ्या डोळ्यांसमोर येते. हिंगोली जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना खबऱ्याचा फोन आला. साखऱ्याकडच्या एका गावात कुणीतरी शाळेचं फाटक बांधून टाकलं होतं आणि लेकरं बाहेर उभी होती. यामागे एखादा पुढारी असणार, असं धरूनच मी निघालो. निषेध म्हणजे मंडप, भोंगा आणि फोटो, एवढीच तेव्हा माझी समजूत.

तिथं यातलं काही नव्हतं. फाटकाला काळी दोरी आणि दोरीला टांगलेली पाटी. वेड्यावाकड्या मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘जाहीर निषेध. बाईला नेऊ नका.’ शाळेतल्या बाईंची बदली झाली होती आणि तो त्यांचा शेवटचा दिवस होता. पाटीवर नाव मात्र नव्हतं.

गावातल्या जाणत्यांना पारावर बसवून विचारपूस केली. बदलीला सगळ्यांचाच विरोध, पण फाटक कुणी बांधलं म्हटलं की जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचा. शेवटी आमच्या हवालदारानं दोरी चाचपली. ती लोकरीची होती आणि गावात मेंढरं एकाच घरी होती.

त्या घराच्या अंगणात एक म्हातारी बसली होती. संध्याकाळी ती बाईंकडे अक्षरं शिकायला जायची. मी दरडावायच्या तयारीनं गेलो होतो, पण तिला बघून आवाज आपोआप खाली आला.

“मावशी, फाटक कुणी बांधलं?”

“म्या. कवाची तुमची वाट बघून राहिले. तुमी समद्या बाप्यांना इचारलं, मला कुणी इचारलंच न्हाई.”

“मग पाटीवर नाव काहून नाही?”

“पाटी भरली, साहेब. निषेध नावानिशी करावा, असं बाईनंच सांगितलंय. म्हणून तर घरीच बसले, कुटं गेले न्हाई.”

शाळा अडवली तर गुन्हा दाखल होऊ शकतो, हे मी तिला समजावलं. बदली माझ्या हातात नाही, हेही सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, लेकरं अजून उन्हातच हायत का? मी हो म्हणताच ती उठली आणि फाटकापाशी येऊन तिनं स्वतःच गाठ सोडली. मी पाटी उलटून दाखवली. मागची बाजू कोरी होती. ती ओशाळून हसली आणि तिथंच बसून तिनं आपलं नाव लिहिलं.

समज देऊन मी प्रकरण मिटवलं. बदली काही थांबली नाही. निघताना बाईंनी पाटी मागितली, नावावरून बोट फिरवलं आणि ती आपल्या पिशवीत ठेवली.

पुढे किती मोर्च्यांचा बंदोबस्त केला. ‘निषेध असो’ची आरोळी उठली, की मला ती अंगणात वाट बघत बसलेली म्हातारी आठवायची. नाही म्हणायचं, आणि म्हणून झाल्यावर तिथंच थांबायचं. त्या शब्दाचा अर्थ मला तिनं शिकवला.