मनीषाला हॉस्पिटलात दिली

किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते गुरांच्या शेणासारखे, कुणी न सांगता अंगणात साचतात आणि उचलायला मात्र म्हातारा माणूस लागतो!

तर आमची नात मनीषा नर्सिंग पास झाली. उधव्याजवळच्या आमच्या पाड्यावरची पहिली नर्स. आता पहिली नोकरी कुठं धरायची, एवढाच प्रश्न होता. प्रश्न तिचा, पण पाड्याने तो आपला करून टाकला. मी चौथीतून सुटलेला माणूस, मला कुणी विचारलं नाही. तरी मी बोललोच.

*

रिझल्ट लागला आणि सकाळी अंगण भरलं. कुणी जीभ दाखवतोय, कुणी पाय. सगळ्यांच्या पुढे शिणवार, माझा लहानपणापासूनचा दोस्त. बाही वर करूनच आलेला.

"मने, सुई दे."

"शिणवारआजा, काय होतंय तुम्हाला?"

"काय नाय होत."

"मग सुई कशाला?"

"मग एवढी शिकलीस कशाला?"

*

नोकऱ्या तीन दिसत होत्या. सायवनला सरकारी, वापीला प्रायव्हेट आणि मुंबईत एक मोठं हॉस्पिटल, हॉस्टेलसकट. आमच्या पाड्याला निवड करायची एकच रीत ठाऊक. मुलीला स्थळ बघतात ती! मग काय, बसली बैठक अंगणात.

आधी सायवन. सगळे खूश. सरकारी ते सरकारी, जवळचं ते जवळचं. तेवढ्यात मनीषा म्हणाली, "पण कॉन्ट्रॅक्टवर आहे. अकरा महिन्यांनी ते परत ठरवतात, ठेवायची का नाही."

 माझ्या सुनेने, म्हणजे मनीषाच्या आईने, हातातलं सूप खाली ठेवलं.

"असल्या घरात नको हो मुलगी द्यायला!"

सायवन कटाप.

*

वापीला पाड्यावरच्या रमणच्या इको गाडीने गेलो. या इकोतली पुढची सीट माझी. सरपंच येवो नाहीतर हळद लागलेला नवरदेव, त्याने मागं बसायचं. माझे गुडघे वाकत नाहीत, आणि वाकले असते तरी मी सीट दिली नसती.

तिथं टायवाला एक पोरगा इंटरव्ह्यू घेत होता. मनीषाला म्हणाला, "एक्सपिरियन्स?"

"सर, फ्रेशर आहे."

"आम्हाला एक्सपिरियन्सवालीच पाहिजे." तोंड असं केलं, जसं काही शिळी मासळी दाखवली!

मी विचारलं, "भाऊ, लग्न झालंय का तुझं?"

"हो काका, झालंय."

"बायकोने एक्सपिरियन्स विचारलेला?"

शेजारच्या टेबलावरची पोरगी फायलीत तोंड घालून हसत सुटली. पोरगा नरमला. म्हणाला, घेतो, पण दोन वर्षांचा बॉण्ड, आणि ओरिजिनल सर्टिफिकेटं आमच्याकडे राहतील. म्हणजे काय, ते मनीषाने शिणवारला समजावलं, की मधेच सोडून जाता येऊ नये म्हणून कागद अडकवून ठेवतात.

शिणवार उठलाच. "माझ्या लेकीच्या सासूने पण तिचे कागद नाय ठेवून घेतले रं! आणि ती सासू कशी हाये, ते झरी गावात जाऊन कुणालाही विचार!"

*

राहिली मुंबई. हॉस्टेल बघायला आम्ही इकोभर माणसं. मेट्रनबाई उंच, कडक इस्त्रीची साडी, आवाज असा की वॉर्डबॉय चालता चालता सरळ होतात.

शिणवारने पहिला प्रश्न टाकला. डोंगराकडची माणसं मुलगी देताना पहिला तोच विचारतात. "पाणी किती लांब?"

"चोवीस तास नळ आहे."

"असं सगळेच सांगतात," म्हणत त्याने नळ फिरवला. नळ खोकला. दोन थेंब टाकले आणि झोपला.

मेट्रनबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आज टँकर लेट आहे."

शिणवारचा चेहरा उजळला. "मने, तुला करमेल इथं. आपल्यासारखंच हाये!"

निघताना त्याने रीतीप्रमाणे बाईंचीही चौकशी केली. "बाई, तुमचं माहेर कुठलं?"

"हे हॉस्पिटलच," बाई म्हणाल्या आणि नियम वाचायला लागल्या. नवीन मुलीने पहिला महिना गेटबाहेर पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर तिची जागा दुसरीला.

*

मनीषाने मुंबईच धरली. मी म्हटलं, "तिथं कोण बसलंय तुझं? सायवनला जा, घरचा गरम भात खा."

"आजा, मला आयसीयूचं काम शिकायचंय. इथं राहिले तर शिणवारआजाला सुया टोचण्यात जन्म जाईल."

मग मी रागाने बोलणं टाकलं. घरात सगळ्यांना फार बरं वाटलं म्हणे.

*

आता शेवटचं. मुलगी सासरी गेली की चार-पाच दिवसांनी माहेरच्यांनी तिला आणायला जायचं, हा आमचा रिवाज. कुणी गेलं नाही तर लोक म्हणतात, हिच्या मागं कोणी नाही. सुनेने डोळ्याला पदर लावला.

मी ओरडलो, "अगं, नोकरीला लावलीय तिला, लग्न नाय लावलं!" कुणी ऐकेना. मग मी सगळ्यांच्या आधी पुढच्या सीटवर जाऊन बसलो.

दुपारी हॉस्पिटलात पोचलो. वॉचमन इकोत डोकावून म्हणाला, "पेशंट कोण?"

"पेशंट कोणी नाय. मुलगी न्यायला आलोय!"

मेट्रनबाई आल्या. त्यांच्या मागं मनीषा, ड्युटी संपवून आलेली, पांढऱ्या ड्रेसात. तोंड उतरलेलं.

"नियम सांगितला होता," बाई म्हणाल्या. "ही गेटबाहेर गेली की संपलं."

"आये, परत जा गं," मनीषा रडकुंडीला आली. "माझी नोकरी जाईल."

"आणि तुला न घेता गेले तर पाड्यावर काय सांगू?"

दोघी रडायच्या बेतात. मला बायकांचं रडणं सहन होत नाही. मी खिडकीतूनच विचारलं, "बाई, गेटच्या आत गाडी चालते का?"

"ॲम्ब्युलन्स चालते."

"मग ही ॲम्ब्युलन्स समजा!"

बाई गेटातून बाजूला झाल्या. रमणने इको आत घेतली. मनीषा मागं आईजवळ बसली. सुनेने तिला कुंकू लावलं, नागलीची भाकर आणि सुकटीची चटणी हातावर ठेवली. इको निघाली. ओपीडीची लाइन, कॅन्टीन, ऑक्सिजनची टाकी, असा हॉस्पिटलला एक पुरा वेढा घातला. शिणवार मागून उपदेश करतोय, "मने, सासूशी उलटं बोलू नको!" आणि मनीषा तोंडात घास घेऊन हसतेय. लाइनीतली माणसं आपलं दुखणं विसरून बघत राहिली.

वेढा पुरा करून गाडी गेटपाशी आली. मनीषा हात पुसत उतरली. "झालं माझं माहेर!"

मेट्रनबाई तिथंच उभ्या होत्या. गाडीतून सुकटीचा वास सुटलेला. त्यांनी घड्याळ बघितलं, मग गाडीकडे बघितलं.

"गाडी अजून एक चक्कर मारेल का?"

रमणने इंजिन चालूच ठेवलं.

मी पुढची सीट सोडली.