नळ्यांत राहिलेलं तेल

शेजारच्यांच्या फोनवर ताई एवढंच म्हणाली, "हे गेले रे..." माझे भाऊजी, दामोदर परब, मुलुंडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सचे फोरमन होते. घाटकोपरहून त्यांच्या घरी जाताना मला सारखं वाटत होतं, यांना मनापासून हसताना बघून किती वर्षं झाली...

पूर्वीचे भाऊजी वेगळे होते. मीही काही काळ त्याच कारखान्यात स्टोअरला होतो. जेवणाच्या सुट्टीत ते आणि त्यांचे दोस्त शांताराम कांबळे एकमेकांची अशी टर उडवायचे, की आम्हाला घास गिळवत नसे. कांबळे वितळलेलं ॲल्युमिनियम साच्यात दाबणाऱ्या मशीनवर होते. एका दुपारी त्या मशीनला दाब देणाऱ्या तेलाची नळी फुटली, तेल तापल्या धातूवर उडालं आणि भडका झाला. कांबळेंचा उजवा हात भाजला.

भाऊजी हात धुऊन शेठच्या मागे लागले आणि त्या तेलाऐवजी सहजी न पेटणारा, पाणी मिसळलेला हायड्रॉलिक द्रव मागवायला लावला. पण जुन्या तेलाशी त्याचं जमत नाही. सगळं तेल काढून, टाकी-नळ्या धुऊन मगच तो भरायचा. शेठ कुरकुरत का होईना, आठवडाभर मशीन बंद ठेवायला तयार झाले होते. पण कांबळे सोमवारीच कामावर येणार होते. रविवारी भाऊजींनी टाकी भरायला घेतली.

"भाऊजी, वरच्या नळ्या धुवायच्या राहिल्यात ना?"

"होतंय रे. शांत्याला उद्या भीती वाटता कामा नये."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नळ्यांतलं तेल आणि नवा द्रव यांचा चिकट गाळ झाला, पंप जाम झाला. "पुरे झाले तुमचे प्रयोग!" शेठ कडाडले. पुन्हा जुनंच तेल भरलं गेलं. भाऊजींनी हात जोडून आणखी एक संधी मागितली... मिळाली नाही.

कांबळे मशीनपुढे उभे राहिले, पण नळी जरा थरथरली तरी मागे सरायचे. शेवटी नोकरी सोडून गावी निघाले. जाताना म्हणाले, "दामू, माझ्यासाठीच केलंस ना? बस झालं यार." शिव्या घातल्या असत्या तर सोसल्या असत्या, असं भाऊजी पुढे ताईला म्हणाले. त्यानंतर ते एकटेच जेवायला बसत.

तेराव्यानंतर ताईकडे गेलो. ओट्यावर गोडेतेलाची बरणी घासून उपडी ठेवलेली, शेजारी तेलाचा नवा डबा, न उघडलेला.

"आण, भरून देतो," मी म्हटलं.

ताईने बरणीत बोट फिरवलं. "ओली आहे रे अजून. ओल्यात भरलेलं यांना नाही चालत..."