कवितानं शोधलेले धडे

निमोण्याहून निघाले तेव्हा तळेगाव ढमढेऱ्यापर्यंत मी जीपनं गेले. आईनं खिडकीतून डबा दिला. "पोचलीस की फोन कर." सोडायला सगळे आले होते, फक्त माझी चुलत बहीण कविता नव्हती. तिला बघायला त्याच दिवशी कुरकुंभचे पाहुणे येणार होते. आणि बंगळूरची प्रोग्रॅमिंगची नोकरी मला ज्या पायथनवर मिळाली, ते तिच्याशिवाय मी शिकलेच नसते.

मळ्यात कांद्याच्या चाळीपाशीच तेवढी रेंज यायची. तिथं आम्ही दोघी एका फोनवर बसायचो. 'बिगिनर्ससाठी' म्हणून ढीगभर व्हिडिओ, पण सगळे भरभर इंग्रजीत; आणि हे तुम्हाला माहीत असेलच म्हणून निम्मं सोडून दिलेलं. कविता लगेच बंद करायची. "ह्यो मास्तर सोताशीच बोलतोय. फुडचा बघू."

असं करत तिनंच एक फुकटची साईट हुडकली. छोटे लेखी धडे, आणि तिथंच कोड चालवून बघायची सोय. मला लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करवून घेणं, कळेना, तर म्हणाली, "एक वाफा भरला की पानी दुसऱ्यात वळवायचं. वाफं संपलं की थांबायचं. झालं की!"

मग एक दिवस आबांनी, तिच्या वडलांनी, फोन काढून घेतला. "पोरी कोपऱ्यात फोन घिऊन बसत्यात, लोक काय म्हनत्याल?" माझे वडील तसं काही बोलले नाहीत; त्यांच्या फोनवर मी शिकत राहिले. आमच्या दोघींत फरक तेवढाच.

आता मी मीटिंगमध्ये इंग्रजीत अपडेट देते. कविताचा नवरा कुरकुंभला केमिकल कंपनीत आहे. त्याच्या शिफ्टप्रमाणे तिचा स्वयंपाक चालतो.

यंदा दिवाळीला दोघी गावी होतो. आबा धाकट्या मुलाला, विकासला, घेऊन आले. नवा लॅपटॉप होता. "ह्याला कोडिंग शिकायचंय. नेटवर सोपं काय आसंल ते दाव."

"कविताला विचारा, आबा. तिनंच शोधलं होतं सगळं."

"तिला काय कळतंय त्यातलं?"

कविता शेजारीच करंज्या लाटत होती. मी विकासला लिंक पाठवली.

तो गेल्यावर तिनं हळूच विचारलं, "तीच साईट दिली?"

"तीच."

"चांगली हुडकली व्हती न्हवं मी?"

मी तिच्याजवळ सरकून करंज्या भरायला घेतल्या. गावाला मी अजून घर म्हणते. पण त्या घरानं मला जाऊ दिलं आणि तिला नाही, हे आता तिथं जेवताना घशाखाली उतरत नाही.