कान दीनाबाईचा, नाव मिस्त्रीचं

१९४८ साली नगरात कुणाला जुनी मोटार घ्यायची असली की तो आधी यशया मिस्त्रीकडं यायचा. मिस्त्री लाकडी काठीचं एक टोक इंजिनावर टेकवायचे, दुसरं कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मग गाडीतून एक चक्कर मारून यायचे आणि निकाल द्यायचे. तो निकाल चार वर्षांत एकदाही चुकला नव्हता. लोक म्हणायचे, "डॉक्टर चुकंल, पण मिस्त्रीचा कान न्हाई चुकायचा."

आता खरं सांगायचं तर तो कान मिस्त्रीचा नव्हताच. तो होता त्यांच्या बायकोचा, दीनाबाईचा. आणि ती बाई त्या कानाला पार कंटाळली होती.

दीनाबाई पंचेचाळिशीची, ठेंगणी, बोलायला हळू. मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात स्वयंपाकाला होती. दिवस उजाडायच्या आत साठ पोरींच्या भाकरी थापायला बसायची, ती दुपारी घरी यायची तेव्हा पाय सुजून चपलेत मावायचे नाहीत. घर म्हणजे मिस्त्रींच्या गॅरेजमागची खोली, मधे नुसता पत्रा. पंचवीस वर्षं त्या पत्र्याआडून तिनं मोटारी ऐकल्या होत्या. कुणी शिकवलं नाही, की तिनं शिकायचं म्हटलं नाही. लेकरू भुकेनं रडतंय की पोटदुखीनं, हे आईला कळतंच की नाही? तसं तिला गाड्यांचं कळायचं. चेहऱ्यावरून एकही गाडी ओळखता आली नसती, पण रस्त्यावरून गेलेली गाडी कुठल्या गिअरात होती हे ती पीठ मळता मळता सांगायची.

लढाईच्या वर्षांत मिस्त्री लष्कराच्या गाड्या दुरुस्त करायला जायचे. दिवसभर कानाशी घरघर आणि घणांचे घाव. त्यात कानांतले बारीक आवाज गेले. जाड आवाज राहिले. इंजिनाचा ठोका ते काठीनं, छातीनं ओळखायचे. पण गिअरबॉक्सची बारीक शीळ, मागच्या आसाची कुरकुर आणि दीनाबाईचं बोलणं ही तिन्ही एकदमच गेली. एकदा मिस्त्रींनी एका गाडीला "चांगली हाय" म्हणून सांगितलं आणि जेवताना दीनाबाई त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "अहो, ती मागून रडत होती." मिस्त्रींचा घास हातातच राहिला. नेहमीसारखा एक पाय ओढत, धावत जाऊन त्यांनी शब्द मागं घेतला.

त्या दिवसापासून ठरलं. गाडीची चक्कर असली की दीनाबाई मागच्या सीटवर. निमित्त काय, तर वाटेत बाईला केडगावला नातलगांकडं सोडायचंय, नाहीतर कुणाला भेटायचंय. मिस्त्रींच्या खांद्यावर तिनं एकदा बोट लावलं की इंजिन, दोनदा लावलं की गिअर, तीनदा लावलं की मागचा आस. शेजारची रंगुबाई म्हणायची, "काय बाई तुमचं पिरेम! म्हाताऱ्याला बायकूबिगर घटकाभर करमत न्हाई!" दीनाबाई हसायची. करते काय? झाकली मूठ सव्वा लाखाची. मिस्त्रींची भाकर त्या नावावर होती.

पण मूठ झाकायची म्हणजे घरातसुद्धा झाकायची. मोठ्यानं बोलावं तर पत्र्यापलीकडं गिऱ्हाईक, भिंतीपलीकडं रंगुबाई. म्हणून दीनाबाई बोलायचीच बंद झाली. मीठ दाखवायची, पाणी दाखवायची. रविवारी मिशनच्या देवळात गीत सुरू झालं की नवऱ्याच्या कोपराला धक्का द्यायची, तरी मिस्त्री अर्धी ओळ मागंच. लेक हन्ना पुण्याला दिलेली. तिचं पत्र आलं की दीनाबाई ते वाचून न दाखवता नवऱ्याच्या हातात द्यायची आणि आपण चुलीकडं तोंड करून बसायची. तिला राग यायचा. कुणाचा, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं.

त्या शनिवारी दुपारी मात्र तिनं सांगितलं. कानाशी वाकून म्हणाली, "आज शेवटचं. मला आता होत नाही. लोकांना काय ते सांगून टाका."

मिस्त्रींना ते लागलं. "तुझ्याबिगर माझं अडत न्हाई," ते म्हणाले. "गाड्या मी खोलल्यात. तू न्हाई."

तेवढ्यात गॅरेजसमोर दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या. पारनेरचे रंगनाथराव मंडळी घेऊन आले होते. त्यांचं नगरला अडतीचं दुकान होतं, शेतं पारनेरला, आणि बायकोचं, मुक्ताबाईंचं, माहेर पार खर्ड्याला. घरच्यांना घेऊन हिंडायला बंद टपाची गाडी पाहिजे होती. भिमाजी दलालानं दोन आणल्या होत्या. एक विलायती, लहान, चार सिलिंडरची, खाली दांडीचा गिअर. दुसरी अमेरिकन, सहा सिलिंडरची, लांबलचक, चकचकीत, गिअरची दांडी स्टिअरिंगच्या खाली.

"सांगा मिस्त्री," रंगनाथराव म्हणाले, "चार घ्यावी का सहा?"

मिस्त्री अशा वेळी खुलायचे. "असं बगा रावसाहेब. चारवाली पेट्रोल बेतानं पिती. रेशनच्या कुपनावर महिना निघंल. पण चढाला तिला चारी गिअर फिरवत बसावं लागतंय, मानूस दमून जातोय. सहावालीला तीनच गिअर. टाप गिअरला टाकली की चढ का सपाटी, तिला काय फरक पडत न्हाई. पण पेट्रोल मातूर पाण्यासारखं पिती."

"आन तुमी सवता चालवनार म्हनल्यावर तीन गिअरचीच बरी," भिमाजीनं घोडं दामटलं. "शिकायला सोपी."

मुक्ताबाईंनी दोन्ही गाड्यांत डोकं घालून पाहिलं. "हिच्यात फुडं दांडी आडवी येत न्हाई," त्या अमेरिकन गाडीकडं बोट करून म्हणाल्या. "पोरगी मधी बसंल." पोरगी, सहा वर्षांची, केव्हाच आत जाऊन बसली होती.

आधी लहान गाडी घेतली. जेऊरच्या पुढं इमामपूर घाट उतरून पांढरीच्या पुलापाशी वळायचं आणि वर यायचं. उतरताना बरी होती. चढाला मात्र तिनं जीव काढला. पहिल्या-दुसऱ्यात रडत-खडत आली, मंडळी घामानं निथळली, आणि एक सायकलवाला सायकल ढकलत चालत होता तो बराच वेळ बरोबरीनं राहिला. रंगनाथरावांनी तोंड वाकडं केलं. दीनाबाईनं मागून कान दिला होता. इंजिन धापा टाकत होतं, पण गिअर चारी स्वच्छ. तिनं बोट लावलं नाही.

मग मोठी. काय ती गाडी! मऊ सीट, आवाज नाही, धक्का नाही. भिमाजी चालवायला, शेजारी मिस्त्री. मागं रंगनाथराव, मुक्ताबाई, त्यांच्या मांडीवर पोरगी आणि मिस्त्रींच्या पाठीमागं दीनाबाई. जेऊरपर्यंत तिला डुलकीच आली. पहाटेपासून पाठ टेकली नव्हती, आणि इतक्या मऊ जागी ती आयुष्यात बसली नव्हती.

घाटाच्या तोंडाशी भिमाजीनं दुसरा गिअर टाकला आणि दीनाबाईचे डोळे उघडले. शीळ. बारीक, डासासारखी. गाडी ओढून धरली की शिळेची घरघर व्हायची. तिनं समोर पाहिलं. भिमाजीचा डावा तळवा गिअरच्या दांडीवर होता. वळण आलं, एका हातानंच चाक फिरवलं. तळवा हलला नाही. आणखी एक वळण, तरी नाही. दांडी दाबून धरली होती त्यानं. सोडली की गिअर निसटणार, आणि उतारावर गिअर निसटला की गाडी मोकाट.

तिनं मिस्त्रींच्या खांद्यावर दोनदा बोट लावलं.

मिस्त्री डोळे मिटून बसले होते. ऐकायची त्यांची ती पद्धतच होती, लोकांना आवडायची. त्यांनी खांदा झटकला. तिनं पुन्हा लावलं. त्यांनी पुन्हा झटकला आणि मोठ्यानं म्हणाले, "घ्या रावसाहेब! डोळे झाकून घ्या. गिअरबॉक्स म्हंजे लोनी हाय."

बोलावं तर नवऱ्याचं नाव गेलं, आणि नावाबरोबर भाकर. आपलेच दात नि आपलेच ओठ. न बोलावं तर उद्या हीच माणसं खर्ड्याला निघतील, रंगनाथराव नवशिके, दोन्ही हात चाकावर. पोरगी बापाच्या मांडीवरून वाकून खिडकीत हनुवटी टेकून खालची झाडं बघत होती.

"त्यांना हात काढायला सांगा," दीनाबाई म्हणाली.

"काय म्हनाल्या?" रंगनाथरावांनी वळून विचारलं.

"त्या दांडीवरचा हात. काढायला सांगा."

भिमाजी हसला. "बायामानसांनी गाडीत बसावं आन गार वारं खावं. मिस्त्री, घरात तुमचं चालतंय का न्हाई?"

मिस्त्रींनी डोळे उघडले. सगळे आपल्याकडं बघतायत हे त्यांना दिसलं. का, ते कळलं नाही. "काय झालं?" ते म्हणाले. "काय म्हनती ती?"

रंगनाथराव एकदा मिस्त्रींकडं, एकदा दीनाबाईकडं बघायला लागले. ती तर मिस्त्रींच्या कानामागंच बसली होती, वीतभर अंतरावर. तिथून बोललेलं पलीकडच्या खिडकीतल्या माणसाला ऐकू गेलं आणि मिस्त्रींना नाही.

आता राहिलंच काय होतं? दीनाबाई पुढं वाकली आणि ओरडली. जन्मात ओरडली नव्हती अशी ओरडली. "गिअर सुटतोय! दुसरा गिअर सुटतोय, ह्यानं हातानं दाबून धरलाय!"

मिस्त्रींनी ऐकलं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. सरळ वाट आली तशी त्यांनी भिमाजीचं मनगट धरलं आणि दांडीवरून उचललं. खट् झालं. दांडी आपली आपण मधे येऊन पडली, गाडी दाव्यातून सुटल्यासारखी उताराला लागली. मुक्ताबाईंनी पोरीला छातीशी धरलं. भिमाजीनं ब्रेकवर उभं राहून गाडी कशीबशी कडेला घातली.

सगळे खाली उतरले. भिमाजी म्हणाला, "किरकोळ काम हाय, एक स्प्रिंग बदलली की—" आणि रंगनाथरावांनी त्याला मधेच हातानं बाजूला सारलं. मग ते मिस्त्रींकडं वळले.

मिस्त्री दगडावर बसले होते. "ती म्हनती ते खरं हाय," ते म्हणाले. "मला ऐकू येत न्हाई. चार वर्सं झाली. कान तिचा हाय."

"म्हंजे चार वर्सं लोकांना फशिवलंत की वो!"

"व्हय," मिस्त्री म्हणाले.

रंगनाथरावांना संताप आलेला दिसत होता, पण पोरगी समोर उभी होती, धडधाकट. मुक्ताबाईच मधे पडल्या. "सोन्याची सुरी म्हनून काय उरात खुपसून घ्यायची? ऱ्हाऊ द्या ती गाडी." आणि दीनाबाईकडं वळून म्हणाल्या, "ती धाकली गाडी कशी हाय, बाई?"

चार वर्षांत तिला कुणी पहिल्यांदाच विचारलं होतं. आनंद व्हायला हवा होता. पण तिला फक्त बसायचं होतं. "दमते," ती म्हणाली. "पण चारी गिअर घट्ट आहेत."

रंगनाथरावांनी लहान गाडी घेतली. मिस्त्रींना मात्र रामरामसुद्धा केला नाही. बातमी सोमवारपर्यंत गावभर झाली. पुढचे तीन दिवस गॅरेजात कुत्रं फिरकलं नाही. मिस्त्री रिकामे बसून नट-बोल्टाचे पाने पुसायचे आणि पुसलेले पुन्हा पुसायचे. घरात दोघांचं बोलणं नव्हतं. पण ते आधी तरी कुठं होतं?

गुरुवारी दुपारी दीनाबाई बोर्डिंगातून आली आणि उंबऱ्यातच बसली. चपला काढायला वाकवेना. मिस्त्रींनी विचारलं, "काय झालं?"

सवयीनं तिनं हात हलवला, काही नाही असा. आणि मग तिच्या ध्यानात आलं की आता झाकायचं काय राहिलंय?

"मी दमलेय!" ती ओरडली.

पलीकडं रंगुबाईची भांडी थांबली. पाने पुसायचं फडकं मिस्त्रींच्या हातातच राहिलं. "कवापास्नं?" त्यांनी विचारलं.

"चार वर्षं! चार वर्षं दमलेय मी! पाय सुजतात माझे, रात्रभर ठणकतात! हन्नाच्या पोराला दात आले, तो पाय ओढत चालतो, तुमच्यासारखा, तेही तुम्हाला माझ्या तोंडानं सांगता आलं नाही! मला कुणाशी बोलायचं होतं हो? त्या रंगुबाईशी?"

ती रडत होती आणि ओरडत होती, आणि सगळी गल्ली ऐकत होती. एकदा तोंड उघडलं म्हटल्यावर तिला थांबवेना. मिस्त्री स्टूल ओढत तिच्याजवळ आले, तिच्या पायांतल्या चपला काढल्या आणि एक पाय मांडीवर घेतला.

"दीना," ते म्हणाले, "पोराचं काय म्हनलीस ते नीट आलं न्हाई. जरा मोठ्यानं सांग."