बाबा बसले की गाडी डावीकडे ओढायची

या ग्रुपवरच्या भुताखेतांच्या गोष्टी मी जेवताना वाचते, गंमत म्हणून. विश्वास शून्य. तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या क्वालिटी लॅबमध्ये चौदा वर्षं काम करतेय. आमच्याकडे "मला असं वाटतं" चालत नाही, रीडिंग दाखवावं लागतं. त्यामुळे हे लिहिताना मलाच लाज वाटतेय... पण इथे गाड्यांतली जाणकार मंडळीही आहेत. कुणाला काही सुचलं तर सांगा. मी हरले.

आम्ही पालघरला राहतो. नवरा जहाजावर, सहा-सहा महिने बाहेर. घरात मी आणि माझे सासरे. बाबा मूळचे माकुणसारचे, सगळा जन्म वाडीत गेलेला. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या, तेव्हा आम्ही त्यांना इकडे आणलं. वय सत्तर, वजन बावन्न किलो, आणि स्वभाव असा की खुर्चीवरसुद्धा कडेला बसतील, आपल्यामुळे खुर्चीला त्रास नको. दर रविवारी मी त्यांना गाडीतून वाडीत नेऊन आणायची. आठवड्यातून तेवढाच एक दिवस ते मोठ्याने बोलायचे.

गाडी सतरा वर्षं जुनी. पण रोज बोईसरला नेते-आणते, कधी कुरकुर नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका रविवारी केळवे रोडकडे जाताना स्टेअरिंग डावीकडे जायला लागलं. आधी थोडं, मग चांगलंच. मी उजवीकडे धरून ठेवतेय आणि गाडी गटाराकडे निघालीय. समोरून टेम्पो आला तेव्हा तर उजवीकडे घ्यायलाही जागा नव्हती. बाबा शेजारी हँडल घट्ट धरून बसलेले.

"स्मिता, मी उतरू का?" ते म्हणाले.

"तुम्ही उतरून काय होणार बाबा?"

हे वाक्य मी नंतर बरेच दिवस गिळत होते. कारण सोमवारी एकटी कामाला गेले, तर गाडी सरळ! पुढच्या रविवारी बाबा बसले, परत डावीकडे.

नवऱ्याला फोन केला. तो कुठल्यातरी समुद्रातून म्हणाला, "हवा चेक कर, चाकांचं अलाइनमेंट कर." केलं. फरक नाही.

मग इरफानभाईंकडे गेले. बोईसरहून पामकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं गॅरेज आहे. माणूस अतिशय शांत, पंचवीस वर्षं बोईसरमध्ये, आणि ग्राहकाच्या बोलण्यावर काडीचा विश्वास नाही. म्हणजे माझ्याच जातकुळीचा.

त्यांनी पद्धतशीर सुरुवात केली. पुढचे दोन टायर आपसात बदलले. टायरचा दोष असेल तर गाडी आता उजवीकडे ओढेल, म्हणाले. कुठेच ओढली नाही. डाव्या चाकाचा ब्रेक अडकतोय का म्हणून गाडी फिरवून आणून चाकाला हात लावला. गार. मग गाडी वर घेतली आणि चाक धरून हलवलं, तर स्टेअरिंगला चाकाशी जोडणारा टाय रॉड एंड ढिला निघाला आणि डाव्या बाजूचा एक रबरी बुश पार फाटलेला.

"मिल गया," इरफानभाई म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी त्या फाटक्या बुशचा फोटो काढून नवऱ्याला पाठवला.

दोन्ही बदललं. अलाइनमेंट पुन्हा केलं. रविवारी बाबांना घेऊन निघाले... आणि केळवे रोडच्या रस्त्याला लागेपर्यंत गाडी थेट चिंचेच्या झाडाकडे!

त्या दिवशी बाबांनी घरी येऊन चप्पल काढली आणि म्हणाले, "माझ्यापायी होतंय. मी नाय येत आता. इथंच बरा हाय."

आणि खरंच थांबले. पुढचे तीन रविवार बाबा गॅलरीत बसून. रिक्षाने जाऊ म्हटलं, नको. ट्रेनने जाऊ, नको. भाजी आणायलासुद्धा खाली उतरेनात. जेवण अर्ध्यावर आलं. मला गाडीचा नाही, माझाच राग यायला लागला. एवढ्या मोठ्या माणसाला एका स्टेअरिंगने घरात बसवलं होतं, आणि मी फाटक्या बुशचे फोटो काढत होते.

गाडी फक्त बाबा बसल्यावर ओढते, हे मी शेवटी इरफानभाईंना सांगितलं. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "मॅडम, ऐसा कुछ होता नहीं है। चाचा को लेके आओ।"

बाबांना कसंबसं तयार केलं. रविवारी सकाळी एमआयडीसीत कंपन्यांमधल्या रुंद, सरळ रस्त्यावर आम्ही तिघं. मी वही आणली होती. आधी पन्नास किलोची तांदळाची गोणी पुढच्या सीटवर ठेवून तिला बेल्ट लावला. इरफानभाई चालवत होते. गाडी सरळ. मग गोणी काढून बाबांना बसवलं. गाडी डावीकडे.

"पीछे बैठो चाचा."

बाबा मागे, डाव्या बाजूला बसले. डावीकडे. मग मागे उजव्या बाजूला बसले, म्हणजे वजन उलट्या अंगाला गेलं. तरी डावीकडे!

इरफानभाईंनी गाडी थांबवली, रुमालाने मान पुसली आणि स्वतःची गाडी आणली. आदल्याच दिवशी तिचं अलाइनमेंट झालेलं. बाबा बसले, आणि ती गाडी फूटपाथवर चढता चढता राहिली. समोरच्या कंपनीचा वॉचमन पळत आला.

बाबा खाली मान घालून म्हणाले, "मी सांगत होतो ना. आता जाव दे मला."

मी रडायच्या बेतात होते. इरफानभाई मात्र माझ्या वहीत बघत होते.

"सब सीट पे बिठाया," ते म्हणाले. "एक बाकी है।"

"कुठली?" मी विचारलं.

त्यांनी स्टेअरिंगकडे बोट दाखवलं.

बाबांनी जन्मात कार चालवली नव्हती. वाडीतला पॉवर टिलर तेवढा चालवायचे, त्यामुळे क्लच माहीत होता. रस्त्यावर नको म्हणून आम्ही मागच्या मोकळ्या मैदानात गेलो. तिथे कुणीतरी क्रिकेटसाठी पांढऱ्या फक्कीने रेघ मारलेली. इरफानभाई बाबांच्या शेजारी, हात हँडब्रेकवर. मी बाहेर. माझी गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा हळूहळू निघाली, आणि पुढचा टायर रेघेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेला. रेघ संपली तेव्हा गाडीतून इरफानभाईंचा आवाज आला, "चाचा, अब तो पकड़ो!" बाबांनी स्टेअरिंग केव्हाच सोडलेलं होतं.

बाबा उतरले तेव्हा त्यांचा चेहरा मी सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदा तसा पाहिला. "आमी चालवली," ते म्हणाले. मग वॉचमनलाही जाऊन सांगितलं.

पुढचं सगळं कायदेशीर झालं. डोळे तपासले, डॉक्टरांचं सर्टिफिकेट घेतलं, मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये दोन महिने काढले. पहिल्याच फटक्यात परवाना मिळाला. इरफानभाईंनी पेढे खाल्ले, पण त्या विषयावर बोलायला साफ नकार दिला. "मैं नमाज़ पढ़ता हूँ और गाड़ी बनाता हूँ," एवढंच म्हणाले.

मी माझ्या परीने सगळं तपासलंय. कंपनीतल्या मेकॅनिकल इंजिनिअरला वही दाखवली, त्याने मला दोन दिवस सुट्टी घ्यायला सांगितलं. बाबा शेजारी बसले की अजूनही गाडी डावीकडे जाते. चालवायला बसले की सुतासारखी सरळ. का, ते मला माहीत नाही. आता बाबा रविवारची वाट बघत नाहीत, मधल्या वारीही वाडीत जाऊन येतात, आणि किल्ली मला मागून घ्यावी लागते.

गेल्या शुक्रवारी माझी सुट्टी होती. बाबा सकाळी नऊला माकुणसारला गेले. दुपारी एक वाजला, दोन वाजले, फोन लागेना. माझा जीव टांगणीला. अडीचला त्यांचाच फोन आला.

"बाबा, कुठे आहात तुम्ही?"

"दातिवऱ्याला."

"दातिवऱ्याला? ते किती पुढे आहे! वाडीत जाणार होतात ना?"

"गेलतो ना. पण गाडी सरळ चालली होती गं... वळवावीशी वाटली नाय."

"मग थांबलात कशाला?"

"पुढं खाडी हाय," बाबा म्हणाले.